निगमसाहेब आणि संपलेला 'ह'

खप घसरला की निगमसाहेब उंच व्हायचे.

मी 'अरुणशिखा'च्या कचेरीत शिकाऊ बातमीदार म्हणून पहिल्यांदा गेले, तेव्हा तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर नगर संपादक त्रिलोकीनाथ निगम बसलेले होते. बाकीची मंडळी एका लांब बाकावर खेटून बसत. मुलीला बाकावर बसवणं बरं नव्हे आणि उभं ठेवणं तर त्याहून बरं नव्हे, असं निगमसाहेबांनी मला बघताक्षणी ठरवलं. ते उठले, रुमालानं खुर्ची झटकली आणि म्हणाले, "तशरीफ़ रखिए." मग भिंतीशी न विकलेल्या अंकांचा गठ्ठा होता, त्याच्यावर जाऊन बसले. माझे तीन महिने संपेपर्यंत ते तिथेच बसले. परत आलेले अंक रोज त्या गठ्ठ्यावर रचले जात. रद्दीवाला येऊन गेला की साहेब टेबलामागे जवळजवळ दिसेनासे होत. महिनाअखेरीला मात्र ते माझ्याकडे गच्चीवरून बघावं तसे बघत, आणि मी खालून बातमीचा कागद वर देत असे.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. पत्रकारितेच्या पदविकेसाठी तीन महिने कुठल्यातरी वर्तमानपत्रात काम करणं भाग होतं. मोठ्या पेपरांनी मुलगे घेतले, मला 'अरुणशिखा' मिळाला. अरुणशिखा म्हणजे कोंबडा. नाव ठेवलं तेव्हा पेपर सकाळी काढायचा विचार होता. पण कैसरबागच्या गल्लीतलं आमचं छपाईयंत्र दुपार उलटल्याशिवाय काही अंग हलवत नसे, म्हणून लखनौचा हा कोंबडा संध्याकाळी आरवायचा.

आम्ही मूळचे भंडाऱ्याचे. बाबा लष्कराच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणून राहायला छावणीत. घरात आई मराठीत बोलता बोलता "अगं बाई, सब्जी जल गई" म्हणून उठायची, आणि धाकटा भाऊ सगळं मराठीत ऐकून सगळ्याला हिंदीत उत्तर द्यायचा. बाबांना माझं हे खूळ फारसं पसंत नव्हतं. ते म्हणाले, "तीन महिने कर, हौस फिटू दे. मग सरकारी परीक्षेला बस. पेपरवाल्यांना पेन्शन नसते, बेटा."

निगमसाहेब उंच, सडपातळ, मान किंचित पुढे झुकलेली. करड्या रंगाची अचकन गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचे, म्हणे अगदी मे महिन्यातसुद्धा. ते स्वतः पान खात नसत. तरी खिशात पानाची चांदीची डबी कायम असे. तिचा उपयोग मला काही दिवसांनी कळला. पेपरचे मालक लालाजी, ज्यांची तेलाची घाणीही होती, तक्रार घेऊन यायचे. निगमसाहेब अदबीनं उठून डबी पुढे करायचे. लालाजींच्या तोंडात पान गेलं, की त्यांना बोलता येत नसे. तेवढ्या वेळात साहेब आपलं म्हणणं मांडून, त्यांचे आभार मानून, त्यांना जिन्यापर्यंत पोचवूनही येत. लालाजी रस्त्यावर पिंक टाकून मोकळे होईपर्यंत विषय संपलेला असे.

त्यांची दुसरी सवय सायकलची. ते सायकल घेऊन निघायचे आणि तिच्याशेजारून चालायचे. बसायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर बातमी आणायला निघाले, तर मलाही माझी लेडीज सायकल हातात धरून चालवावी लागली. मी विचारलं, "सर, बसायचं नाही का?"

"बिटिया," ते म्हणाले, "सवार आदमी को कोई कुछ नहीं बताता."

आणि खरोखर, दर दहा-वीस पावलांवर कोणीतरी थांबवून विचारी, "क्या हुआ निगम साहब, पंचर?" साहेब थांबत, चाकाकडे खेदानं बघत आणि म्हणत, "अब क्या बताएँ. आप सुनाइए." मग तो माणूस ऐकवायला लागे: कोणाच्या घरात वाटण्या झाल्या, कोणत्या डॉक्टरनं दवाखाना गुपचूप हलवला, नगरपालिकेनं कोणता रस्ता एकाच महिन्यात दोनदा खणला. पंचर सायकल धरून उभ्या असलेल्या माणसाची लोकांना दया येते आणि दया आली की लोक बोलतात. आम्ही दोघं दोन धडधाकट सायकली हातात धरून लालबागेतून अमीनाबादपर्यंत जायचो, आणि एकदा एका सायकल दुरुस्तीवाल्यानं पाठीमागून पळत येऊन आम्हाला गाठलं. "दोनों की हवा देख दूँ, हुज़ूर?" निगमसाहेबांनी त्याला दोन्ही सायकलींत हवा भरू दिली आणि त्याच्याकडून पोलीस चौकीतल्या बदल्यांची बातमी घेतली. पुढे कचेरीतल्या एकानं मला हळूच सांगितलं की साहेबांना सायकल चालवताच येत नाही. खरं काय ते मी कधी विचारलं नाही.

माझं आडनाव मेश्राम. लखनौला ते कुठेच बसत नव्हतं. उत्तरेत माणूस भेटला की लोक आडनावावरून त्याला मनातल्या फडताळात ठेवून देतात, आणि माझ्यासाठी फडताळ सापडेना. उपसंपादक पांडेजींनी दोन दिवस विचार करून जाहीर केलं, "अरे, मिश्रा का मराठी रूप है. मेश्राम, मिश्रम, मिश्रा." सगळ्यांना हायसं वाटलं. पांडेजींनी मला घरून आणलेली कचोरीही दिली.

मी म्हटलं, "नाही पांडेजी, मिश्रा नाही. हम लोग बौद्ध हैं. बाबासाहेब वाले."

बाकावरच्या एकानं विचारलं, चीनला जाऊन आलात का? दुसऱ्यानं विचारलं, सारनाथला तुमचे नातेवाईक असतील ना? पांडेजी काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांना बरोबर समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या सुराहीजवळ एक जास्तीचा ग्लास दिसला. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, बाकीच्या ग्लासांपासून वीतभर लांब. कोणी मला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. भंडाऱ्याहून निघताना बाबांनी जे मागे टाकलं असं त्यांना वाटत होतं, ते इथे सुराहीशेजारी येऊन उभं होतं.

थोड्या वेळानं निगमसाहेब गठ्ठ्यावरून उतरले, सुराहीपाशी गेले, पोचा आलेला तो ग्लास उचलून गटागटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "वाह. पांडेजी, यह गिलास कौन लाया? पानी बहुत ठंडा लगता है इसमें." आणि त्या दिवसापासून ते त्याच ग्लासातून पाणी पिऊ लागले. पांडेजींनी माझ्यासाठी दुसरा ग्लास आणला. साहेबांना तो त्याहून आवडला. पांडेजींनी पितळेचा आणला. साहेबांनी पितळेचे आरोग्यासाठी काय काय फायदे असतात ते सगळ्या बाकाला समजावून सांगितलं आणि तोही तोंडाला लावला. हळूहळू सुराहीभोवती ग्लासांची वरात जमली आणि कोणता कोणाचा हे कोणालाच कळेना. अखेर पांडेजींनी घरून स्वतःचा ग्लास आणला, खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. म्हणजे वेगळा ग्लास शेवटी पांडेजींचाच झाला. निगमसाहेबांनी यावर माझ्याशी चकार शब्द काढला नाही. ते पाणी पीत राहिले, एवढंच.

आता 'ह'ची गोष्ट.

'अरुणशिखा' त्या काळी हातानं खिळे जुळवून छापला जाई. खाली तळघरात मुन्नन मियाँ नावाचे जुळारी होते. लाकडी खणांत एकेका अक्षराचे शिशाचे खिळे, ते उचलून शब्द जुळवायचे. आमचे खिळे जुने आणि मोजके. त्यामुळे एखादं अक्षर दुपारपर्यंत संपून जाई, आणि मग जिन्यातून मुन्नन मियाँची आरोळी येई: "साहब, भ गया!" की वर निगमसाहेब शांतपणे कागद ओढून 'भारी भीड़'चं 'विशाल जनसमूह' करून टाकत. ही त्यांची रोजची कसरत होती आणि तिचा त्यांना छुपा अभिमानही होता.

त्या थंडीत मला माझी पहिली स्वतंत्र बातमी मिळाली. चौकातले निवृत्त गणित शिक्षक दीक्षित मास्साब यांचा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार केला होता. मी जाऊन आले, घरी बसून तीनदा लिहिली. मथळा दिला: 'दीक्षितजी का हार्दिक अभिनंदन'. आत लिहिलं की सन्मान समारोहात शिष्यांनी त्यांना पुष्पहार घातला, आणि दीक्षितजी अनुशासनप्रिय, सत्यवादी आणि दयाळू शिक्षक आहेत. निगमसाहेबांनी वाचून मान हलवली. मला आकाश ठेंगणं झालं.

नेमकी त्याच दिवशी एका हकीमसाहेबांची अर्ध्या पानाची जाहिरात आली. हाज़मा, हिचकी, हैज़ा, हरारत, या सगळ्यांवर त्यांच्याकडे हमखास इलाज होता. मुन्नन मियाँनी आधी जाहिरात जुळवली, कारण जाहिरात आधी हा लालाजींचा नियम. मग जिन्यातून आवाज आला, आणि तो नेहमीसारखा नव्हता. त्यात भीती होती.

"साहब, ह गया! छोटा भी, बड़ा भी!"

मजकुराचा बारीक आणि मथळ्याचा मोठा, दोन्ही 'ह' संपले होते. हिंदीत 'ह' गेला म्हणजे 'है' गेलं, 'हैं' गेलं, 'नहीं' गेलं, 'रहे' गेलं. वाक्य संपवायची सोयच उरली नाही. बाकावरचे सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी अचकनीच्या बाह्या मागे सारल्या आणि पेपरभर फिरले. 'शहर'चं 'नगर' झालं. 'हज़रतगंज' नुसतं 'गंज' झालं. 'महिला' 'स्त्री' झाली, 'हवलदार' 'कांस्टेबल' झाला, 'कहा' जिथे होतं तिथे 'बोले' आलं. जिथे जिथे 'है' होतं तिथे त्यांनी 'था' केलं. त्या संध्याकाळी अख्खं लखनौ भूतकाळात गेलं.

माझ्या बातमीत 'हार्दिक अभिनंदन' जाऊन 'सादर नमन' आलं. 'समारोह'ची 'सभा' झाली. 'पुष्पहार पहनाया' जाऊन 'पुष्प अर्पित किए' आलं. आणि शेवटी छापलं गेलं: 'दीक्षितजी अनुशासनप्रिय, सत्यवादी और दयालु शिक्षक थे.'

मी म्हटलं, "सर, 'थे'?"

"रिटायर हो चुके हैं न?" साहेब म्हणाले. "शिक्षक थे ही. व्याकरण से बिल्कुल ठीक है."

व्याकरणाच्या दृष्टीनं ते ठीकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातला एक ओळखीचा पानवाला धावत आला आणि त्यानं सांगितलं की दीक्षित मास्साबांच्या दाराशी माणसं जमली आहेत. सत्काराची बातमी मास्साब वारल्याची झाली होती. इतक्या वर्षांत 'अरुणशिखा'नं एकही खुलासा छापला नव्हता, याची निगमसाहेब शपथ घ्यायचे. ते गठ्ठ्यावरून उतरले, सायकल घेतली आणि मला म्हणाले, "चलिए. माफ़ी माँगनी है." त्या दिवशीसुद्धा आम्ही चालतच गेलो आणि वाटेत सगळ्यांनी पंचरचं विचारलंच.

मास्साबांच्या गल्लीत गर्दी होती. दोघं जण खांद्यावर बांबू घेऊन आले होते आणि ते कुठे ठेवायचे म्हणून विचारत होते. ओट्यावर उभा राहून एक खणखणीत आवाजाचा म्हातारा त्यांना सूचना देत होता: "उधर, नाली के पास! रास्ता मत रोको! और सीधे रखो, तिरछे नहीं!" हेच दीक्षित मास्साब. ज्यांनी ज्यांनी त्यांना बघितलं ते ओशाळून परत फिरत होते, पण हार आणलेल्यांना हार परत कसे न्यायचे कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते दाराच्या कडीला अडकवले.

मास्साबांनी आम्हाला आत बसवलं. चष्मा लावून बातमी पुन्हा वाचली. "भाषा अच्छी है," ते म्हणाले. "मगर 'थे' क्यों?"

निगमसाहेब हात जोडून म्हणाले, "मास्साब, ह ख़त्म हो गया था."

मास्साब विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, "दिन के शुरू में गिने नहीं थे?"

"जी नहीं."

"यही ग़लती है," मास्साब म्हणाले. आपण मेल्याचं छापून आलं यापेक्षा खिळे न मोजता काम सुरू केलं, याचा त्यांना जास्त राग आलेला दिसला.

निगमसाहेब म्हणाले, आजच्या अंकात आपण हयात असल्याचं पहिल्या पानावर छापतो. यावर मास्साब म्हणाले, "नहीं. इतवार के बाद."

शाळेच्या हॉलमध्ये रविवारी शोकसभा ठरली होती. शहरात लांबलांब राहणाऱ्या विद्यार्थ्यांना निरोप गेले होते आणि ती माणसं मास्साबांना मेलेलेच समजत होती. मास्साबांना ती शोकसभा ऐकायची होती. सत्कारात सगळे खोटं बोलले, असं त्यांचं म्हणणं. "मुँह पर कौन सच बोलता है?"

निगमसाहेब कळवळून म्हणाले, "मास्साब, मरने के बाद तो और भी कोई नहीं बोलता."

पण मास्साब ऐकेनात. आणि ज्या माणसाला आपण मारलं, त्याची एवढी इच्छा मोडणं निगमसाहेबांच्या सभ्यतेत बसत नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं शेवटच्या रांगेत बसलो. मास्साबांनी माकडटोपी घातली होती आणि वरून मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता. डोळे तेवढे दिसत होते. समोर त्यांचा फोटो, त्याला हार, उदबत्ती. एकेक जण उठून बोलू लागला. पहिला म्हणाला, मास्साब देवता होते. मफलरमधून आवाज आला, "यह नक़ल करके पास हुआ था." दुसरा म्हणाला, त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही. "झूठ. इसी को मारा था, स्केल टूट गया था." निगमसाहेब हळूच त्यांचा गुडघा दाबून "मास्साब, आप नहीं हैं," अशी आठवण करून देत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या बाईंनी मला रडू येतंय असं समजून पाठीवरून हात फिरवला.

मग रामदीन उठला. रेल्वेत फिटर होता. स्वच्छ धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट, हात पाठीमागे बांधलेले, वर्गात उभं राहावं तसा उभा. म्हणाला, "हमको बोलना नहीं आता. हम दूसरी जात के थे, तो मास्साब हमको अंदर नहीं बैठाते थे. खिड़की के नीचे बैठाते थे, बाहर. वहीं से सुनते थे हम. मगर आवाज़ बहुत साफ़ थी मास्साब की. गणित आ गया. आज नौकरी है, बच्चे पढ़ रहे हैं. बहुत अच्छा पढ़ाते थे." आणि त्यानं हात जोडून फोटोला नमस्कार केला.

हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. ते कौतुक होतं, आणि म्हणूनच हॉलमध्ये कोणाला कुठे बघावं ते कळेना. मी रुमाल खाली घेतला. माझ्या शेजारी निगमसाहेबांची पेन्सिल चालू होती. त्यांच्या पलीकडे मास्साब उठून उभे राहिले. त्यांनी मफलर सोडला, टोपी काढली.

पुढच्या रांगेत कोणीतरी किंचाळलं. उदबत्तीजवळ बसलेला गृहस्थ फोटोसकट मागे पडला. पण त्याहून विचित्र घडलं ते पुढे. "मास्साब!" असा एक आवाज आला आणि टकलं पडलेले, पोटं सुटलेले ते सगळे पुरुष ताडकन उठून वर्गातल्यासारखे उभे राहिले.

"बैठो," मास्साब म्हणाले. सगळे बसले. फक्त रामदीन उभा होता.

मास्साब त्याच्याकडे बघत राहिले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "रामदीन, खिड़की वाली बात मुझे याद नहीं."

"हमको याद है, मास्साब," रामदीन म्हणाला. "कोई बात नहीं."

मास्साब खाली बसले. पुढे काय करायचं हे संयोजकांना सुचेना. कार्यक्रमपत्रिकेवर दोन मिनिटांचं मौन होतं, म्हणून त्यांनी ते जाहीर केलं. सगळ्यांनी ते पाळलं. मास्साबांनीही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मोठा आनंद होता. मेलेला शिक्षक स्वतःच्या शोकसभेत उठून उभा राहिला, अशी बातमी लखनौत दुसऱ्या कुठल्याच पेपरकडे नव्हती. पांडेजींनी मथळाही काढून ठेवला होता. लालाजी स्वतः आले. बातमी वाचली आणि रामदीनच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाले, "यह हटा दीजिए, निगम साहब. मज़ेदार ख़बर है, मज़ा क्यों ख़राब करना. और बूढ़े आदमी की इज़्ज़त का सवाल है."

निगमसाहेब उठले, डबी उघडून पुढे केली. लालाजींनी मान हलवली. "आज पान नहीं." माझ्या देखत असं पहिल्यांदाच घडत होतं.

साहेब डबी हातात धरून तसेच उभे राहिले. मग ती बंद करून खिशात टाकली आणि म्हणाले, "लालाजी, मज़ा तो उतना ही है जितना हुआ. बाक़ी भी हुआ है."

"मैं मालिक हूँ."

"जी. ख़बर रामदीन की है."

तेवढ्यात दारात मास्साब दिसले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. मी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. लालाजींना वाटलं, आपली बाजू घेणारं माणूस आलं. "देखिए मास्साब, मैं यही कह रहा था..."

मास्साबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "निगम साहब, खिड़की की बात छाप रहे हैं?"

"जी."

मास्साबांनी भिंतीला हात टेकला. खालून खिळे पडल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "तो ठीक से छापिए. खिड़की के नीचे नहीं बैठता था. खिड़की से तो ब्लैकबोर्ड दिखता. वह जूतों के पास बैठता था, जहाँ सब लड़के जूते उतारते थे. उसने कल मेरा लिहाज़ किया, आधी ही बात बोली." आणि ते वळून भिंत धरत धरत जिना उतरून गेले.

निगमसाहेबांनी 'खिड़की' खोडून 'जूते' लिहिलं. पांडेजी आपल्या कुलूपबंद खणाकडे बघत होते. बातमी जशीच्या तशी छापून आली, आणि तिच्यात दीक्षितजी हयात असल्याचंही होतं. 'अरुणशिखा'चा तो पहिला खुलासा.

अंक हातोहात गेले. तरी लालाजींनी साहेबांकडून नगर पान काढून घेतलं आणि त्यांना रेल्वेचं वेळापत्रक नि हवामान दिलं. साहेबांनी ते कामही तितक्याच गंभीरपणे केलं. रोज चारबाग स्टेशनवर जाऊन गाडी खरोखर आली की नाही ते बघून मग छापायचे. आमच्या वेळापत्रकात 'यह गाड़ी आज भी नहीं आई' अशी वाक्यं यायला लागली, आणि लोक तेवढ्यासाठी अंक घ्यायला लागले. ते परत आलेल्या अंकांवर तेव्हा फारच खाली बसलेले असत.

माझे तीन महिने संपले. मी परीक्षा दिली, दिल्लीला एका सरकारी खात्यात अनुवादक म्हणून लागले. 'अरुणशिखा' काही वर्षांनी बंद पडला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बाबा निवृत्त झाले. त्यांनी लखनौच्या कडेच्या जानकीपुरम या नव्या वसाहतीत छोटं घर बांधलं. तेव्हा तिथे निम्मे प्लॉट रिकामे, रस्ते आखलेले पण न झालेले, आणि पाण्याचा पत्ता नाही. मी सुट्टीला गेले तेव्हा आई म्हणाली, "इथे एक म्हातारे गृहस्थ आहेत, दुधाच्या बूथवर फळा टांगून रोज बातम्या लिहितात. कोणाच्या घराचा स्लॅब पडला, कोणाची म्हैस कोणाच्या प्लॉटमध्ये शिरली. लोक सकाळी दूध घ्यायच्या आधी तो फळा वाचतात." मी ताबडतोब चप्पल घातली.

लांबूनच ओळखलं. अचकन नव्हती, बिनबाह्यांचा स्वेटर होता. पाठ वाकली होती. ते एका गवंड्याला थांबवून काहीतरी विचारत होते आणि तो घमेलं डोक्यावर धरून इमानेइतबारे उत्तर देत होता. मी हाक मारणार, एवढ्यात कोपऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला. महिन्याभराच्या खोदकामानंतर सार्वजनिक नळाला पहिल्यांदा पाणी आलं होतं. घराघरांतून माणसं बादल्या, हंडे, पातेली, जे हाताला लागेल ते घेऊन सुटली.

निगमसाहेबही धावायला लागले. मी ओरडले, "सर! मैं... अरुणशिखा..." त्यांनी वळून बघितलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण चेहरा उजळला, आणि धावता धावताच हात वर करून ते ओरडले, "बाद में, बिटिया, बाद में! पानी आ गया है!"

मागून त्यांच्या घराच्या ओट्यावर त्यांच्या पत्नी आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या. "अजी सुनिए," त्या जीव तोडून हाका मारत होत्या, "बाल्टी तो लेते जाइए!"

पण साहेब तोवर गर्दीत शिरले होते. सगळ्यांच्या हातांत काही ना काही भांडं होतं. त्यांच्या हातात फक्त पेन्सिल होती, आणि ते नळाशी पहिल्या आलेल्या बाईला तिचं नाव विचारत होते.